कुरासावचा नियम

…तर अशरफ होडेकरने फोन कानापासून हातभर लांब धरला. काल इथेच तर थांबलो होतो आपण. फोनवर त्याची हफिजाफुफी, म्हणजे आत्या, होती, तिकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खारशेत गावात, आणि हा इकडे कुवेतला, अम्गऱ्याच्या यार्डात, पत्रे आणि पाइपांच्या ढिगाऱ्यात उभा. त्याने विचारलं होतं एवढंच, की तौसिफ ड्रायव्हरची नानी आपल्या गावची का? हो किंवा नाही. एका शब्दाचं काम. फुफीने सुरुवात केली ती त्या नानीच्या लग्नात हरवलेल्या बकरीपासून.

"बकरी होती तुझ्या आज्याची. तर तुझा आजा बोल्ला, बकरी मिळाल्याशिवाय पंगत बसायची नाय…"

"फुफी, बकरी ऱ्हाऊ दे. नानी!"

"येते रे नानीवर. नानी काय पळून जातेय? तिला जाऊन वीस वरसं झाली."

अशरफने चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे चोळले. समोर ट्रकवाला सळ्या मोजून घ्यायला थांबलेला, मागे मुदीर, म्हणजे यार्डाचा साहेब, काचेतून बघत होता. बकरी अखेर मशिदीमागच्या करवंदीत सापडली, पंगत बसली, आणि सतराव्या मिनिटाला फुफीने सांगितलं, "हां, खारशेतचीच ती. खालच्या वाडीतली. विचारलंस ना म्हणून सांगितलं."

हा अशरफ म्हणजे छप्पन्न वर्षांचा गृहस्थ. एकोणतीस वर्षं त्याच एका यार्डात स्टोअरकीपर. माल आत आला की पावती, बाहेर गेला की पावती. पावतीशिवाय त्याने स्वतःच्या सासऱ्याला पाच फूट पाइप दिला नसता. अशा माणसाचा जन्म वैतागण्यासाठीच असतो, कारण दुनिया पावतीवर चालत नाही. बस उशिरा आली, वैतागला. बस वेळेवर आली, की आज सूर्य कुठून उगवला म्हणून वैतागला. पण त्या हिवाळ्यात तो जितका वैतागला तितका एकोणतीस वर्षांत कधी वैतागला नव्हता, आणि त्याला कारण झालं एक बेट. अरबस्तानातलं नाही, कोकणातलं नाही. पार तिकडे अमेरिकेच्या पोटाखाली, कॅरिबियन समुद्रातलं. नाव कुरासाव.

तेवढ्यासाठी आधी कपाची गोष्ट सांगायला हवी. कुवेतमध्ये आपल्या कोकणपट्टीच्या लोकांची दर हिवाळ्यात एक स्पर्धा होते, गाववार. आपला माणूस खरा क्रिकेटचा. पण जलीबजवळच्या ज्या मैदानावर जागा मिळाली ते केरळवाल्यांचं, फुटबॉलचं. ते म्हणाले, शुक्रवारी सकाळी चार तास देतो, पण खड्डे खणून स्टंप ठोकायचे नाहीत. झालं. कोकण कप फुटबॉलचा झाला. सात-सात जणांचा. पोटं सुटलेली माणसं फुटबॉल खेळू लागली.

नियम एकच होता. ज्या गावचा बाप, त्या गावचा खेळाडू.

आता खारशेत म्हणजे खाडीच्या काठचं चिमूटभर गाव. एके काळी जलीबमध्ये खारशेतच्या माणसांची खोली होती, तीन मजली पलंग लावून चौदा जण झोपायचे. एकेक करून सगळे परतले. कुणाचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपला, कुणाचे गुडघे. यंदा धावू शकतील असे उरले चार. चारातला खरा खेळाडू एकच, अशरफचा मुलगा अरबाज. कुवेतमध्येच जन्मलेला, कॉलेजात जाणारा, एकोणीस वर्षांचा. पायात चेंडू आला की पोरगा खाडीतल्या बोयासारखा, दाबला तरी वरच. बाकीचे तिघे चेंडू बघून बाजूला होत.

स्पर्धेचा सेक्रेटरी काशिफ. जलीबमध्ये मोबाइलचं दुकान. बोरखाडीचा, म्हणजे खारशेतच्या समोरच्या काठावरच्या गावचा, आणि अशरफच्या बायकोचा, खतिजाचा, चुलतभाऊ. त्याने नोव्हेंबरात फोन केला.

"दुल्हाभाय, यंदा सात होत नसतील तर खारशेतचं नाव काढू काय? काय हाय, चिठ्ठ्या छापायच्यात."

नाव काढू काय! अशरफला तो फोन असा लागला की त्या दिवशी त्याने दोन वेळा चुकीचा पाइप दिला. गावातली शाळा पटाअभावी बंद झाली होती, एस.टी. आठवड्यातून तीनदा यायची. जगात खारशेत हे नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे कोकण कपाच्या फलकावर. ते पुसलं की झालं, गाव फक्त हफिजाफुफीच्या तोंडात.

आणि त्याच आठवड्यात यार्डातल्या ट्रकवाल्याने मोबाइलवर बातमी दाखवली. कुरासाव नावाचं बेट वर्ल्ड कपला पोचलं. जमैकात जाऊन एकही गोल न खाता बरोबरी केली आणि तिकीट काढलं. वस्ती किती? दीड लाख. अशरफने बोटांवर हिशेब केला. आपल्या दापोली तालुक्याएवढीसुद्धा नाही! एवढ्याशा वस्तीतून एवढे खेळाडू कुठून आणले? तर ट्रकवाला म्हणाला, "अरे भाई, सब हॉलंड में पैदा हुए. दादी-नानी वहाँ की थी. रूल है. माँ-बाप या दादी-नानी जहाँ की, वहाँ से खेलो."

अशरफ जागच्या जागी थांबला. सळ्यांची मोजणी बेचाळीसवर सुटली ती सुटलीच.

बापाच्या नावावर खारशेत चार माणसांचं होतं. पण खारशेतच्या मुली? शंभर वर्षं खारशेत मुली देत आलं होतं. या काठाला, त्या काठाला, पार दाभोळपासून मुरुडपर्यंत. त्यांची नातवंडं कुवेतमध्ये रस्तोरस्ती असणार!

पुढच्याच शुक्रवारी कमिटीच्या बैठकीत त्याने ठराव मांडला. काशिफने डोक्याला हात लावला. "दुल्हाभाय, उद्या अख्खी कोकणपट्टी अख्ख्या कोकणपट्टीची होईल. कोण कुणाकडून खेळतोय ते रेफ्रीला पण कळणार नाय."

"वर्ल्ड कपला चालतं आणि तुझ्या जलीबच्या कपाला नाय चालत? तुझा कप मोठा झाला?"

"असं नाय…"

"मग कसं? कुरासाव बेवकूफ हाय?"

दुसऱ्या चार लहान गावांचीही बोंब होतीच. हात वर झाले, ठराव पास. स्टोअरकीपरच तो. त्याने लगेच कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने, यार्डातल्या पावतीसारखा स्वच्छ, नियम लिहिला: "ज्याच्या आईचं किंवा आजी-नानीचं माहेर ज्या गावात, तो त्या गावाकडून खेळू शकेल. निवड खेळाडूची." खाली सही. काशिफने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि जाताना नुसता हसला. अशरफला त्या हसण्याचाही वैताग आला, पण कारण कळलं नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. कुवेतच्या बताक्यावर, म्हणजे ओळखपत्रावर, नानीचं नाव नसतं. पुरावा एकच, हफिजाफुफी. तिला पंचक्रोशीतली साठ वर्षांची सगळी लग्नं तोंडपाठ. कमिटीनेही मान्य केलं की फुफी म्हणेल ते खरं, कारण बोरखाडीवालेसुद्धा स्वतःची सोयरीक जमवताना तिलाच विचारत. पण फुफी फुकट काही सांगत नव्हती. प्रत्येक नातवामागे तिची एक बकरी, एक रुसलेला व्याही नाहीतर एक फुटलेली देगची ऐकावी लागे.

तौसिफ मिळाला. कंपनीची बस चालवणारा धिप्पाड गडी. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "खारशेत? ते कुठं आलं?"

"तुझ्या नानीचं गाव!"

"बघितलं नाय कधी."

"कुरासाववाल्यांनी तरी कुठे बघितलंय? खेळतात ना?"

मग अब्बासियातल्या एका इमारतीत दोन भाऊ सापडले, लक्ष्मीकांत आणि नीरज. दोघेही हॉस्पिटलात, मोठा एक्स-रे काढणारा, धाकटा लॅबमध्ये. गाव चिपळूणकडचं, पण त्यांच्या आईची आई, शैलाआजी, खारशेतच्या वरच्या वाडीतली. फुफी म्हणाली, "शैला? अरे, माझ्या बाजूला बसायची शाळेत! माझी पाटी फोडली तिने. तिच्या नातवांना सांग, पाटी अजून यायची हाय."

लक्ष्मीकांत हसून लोटपोट. "काका, आजी शेवटपर्यंत आंबोळीला खारशेतचीच चव म्हणायची. आम्ही खेळतो. फक्त माझा पाय मुरगळला तर एक्स-रे मीच काढायचा का?"

एका नानीचा एक नातू आणि एका आजीचे दोन. चार आणि तीन सात! अशरफने आठवा राखीव मिळावा म्हणून फुफीला पुन्हा विचारलं. फुफी म्हणाली, "आता नाय बाबा कुणी. बाकीच्या पोरींची नातवंडं सगळी सौदी नि कतारला. कुवेतची संपली." म्हणजे बरोबर सात. ना एक कमी, ना एक जास्त.

सात निळ्या जर्सी शिवून आल्या, कुरासावच्या झेंड्यासारख्या, खाली पिवळी पट्टी आणि छातीवर दोन चांदण्या, एक मोठी, एक लहान. तिथेही वैताग! खालच्या वाडीचा तौसिफ म्हणाला, मोठी चांदणी आमच्या वाडीची. नीरज म्हणाला, वरची वाडी वर असते, मोठी तिची. ज्यांनी जन्मात वाड्या बघितल्या नाहीत ते भांडायला लागले. अशरफ ओरडला, "अरे, तुम्ही खरंच खारशेतचे रे! पुरावा नको, काही नको!"

आणि बुधवारी संध्याकाळी तो घरी आला तर खतिजा जर्सींना इस्त्री करत होती. सहा वर्षं तीच करत आली होती. सामन्याच्या सकाळी सांदणं वाफवून डबे भरणारी तीच. सहा जर्सी इस्त्री करून झाल्या होत्या. सातवी बाजूला घडी करून ठेवलेली.

"ती का ठेवलीस?"

"ती अरबाजची. ती लागणार नाय." तिने इस्त्री उभी केली. "काशिफ येऊन गेला दुपारी. बोरखाडीचा तो पुढे खेळणारा पोरगा, गुडघा धरून बसलाय. अरबाजला मागितलं त्याने."

"मागितलं? अरबाज काय पोरगी हाय मागायला?"

"तुमचाच नियम हाय ना. आईचं माहेर. कागद दाखवला मला त्याने, तुमच्या अक्षरातला."

अशरफने चष्मा काढला, पुसला, घातला. तो कागद त्याला डोळ्यांपुढे जसाच्या तसा दिसला. आईचं किंवा आजी-नानीचं. आजी-नानी पुरली असती! पण आपण पडलो पावतीवाले, कुरासावचा नियम पुरा लिहायला हवा म्हणून 'आईचं' पण लिहिलं. आणि लिहिताना एकदासुद्धा, एकदासुद्धा मनात आलं नाही की आपल्या घरातली ही बाई कुणाची तरी आई आहे.

"ते… ते दुसऱ्यांसाठी होतं," तो म्हणाला.

"दुसऱ्यांसाठी म्हंजे? मी आई नाय?"

"हाईस! पण तू खारशेतची."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून! बावीस वरसं झाली!"

"मग तौसिफची नानी लग्न होऊन गेली तरी खारशेतची कशी राहिली?"

अशरफने सातव्या जर्सीची घडी मोडली, परत घातली. वैतागायलासुद्धा जागा उरली नव्हती. खतिजाने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "खारशेतच्या धक्क्यावरून बोरखाडी दिसते. आमच्या घराचा माड पण दिसतो. लग्नानंतर पहिल्या वरसाला मी रोज बघायची. तरीच्या होडीत बसलं की दहा मिनिटं. तुम्हाला कधी सांगितलं नाय, तुम्ही कधी विचारलं नाय. आता तुम्ही कुवेतभर लोकांच्या नान्यांची माहेरं विचारत फिरलात. मी म्हटलं, बघू माझ्यापर्यंत येतात काय."

तेवढ्यात अरबाज आला, कानात इअरफोनची बोंडं घालून. अशरफ त्याच्यावर वळला. "तू काय सांगितलंस मामाला?"

"टेक्निकली, अब्बा, आय क्वालिफाय फॉर बोथ."

"मराठीत बोल!"

"दोन्हीकडून चालतं मला. पण अम्मीने पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय. सो…" त्याने खांदे उडवले. "तुम्हीच लिहिलंय ना, निवड खेळाडूची."

त्या रात्री अशरफ न जेवता झोपला असं म्हणायला बरं वाटेल, पण खोटं आहे. तो जेवला, दोनदा भात घेतला, आणि प्रत्येक घासाला वैतागला.

गुरुवारी संध्याकाळी अब्बासियातल्या एका हॉटेलच्या मागच्या दालनात चिठ्ठ्या काढायच्या होत्या. सगळ्या गावांची माणसं, बायका-पोरं. खतिजा सांदणांचं मोठं पातेलं घेऊन आलेली. फलकावर गावांची नावं. खारशेतच्या पुढे खडूने प्रश्नचिन्ह. तौसिफ, लक्ष्मीकांत, नीरज आणि ते तीन चेंडूला भिणारे, सहा जण, निळ्या जर्सीत एका बाकावर, सातवी जर्सी बाकाच्या टोकाला घडीतच. अरबाज मामाजवळ उभा, खाली बघत. नाही म्हटलं तरी पोराचा चेहरा पडला होता.

काशिफने अशरफला खांद्याला धरून कोपऱ्यात घेतलं. पण आवाज असा की कोपऱ्यात बोललेलं स्टेजवर ऐकू यावं.

"दुल्हाभाय, मला कुणाचं गाव बुडवायचं नाय. सहावर टीम धरता येत नाय, तुम्हाला माहीत हाय. पण एक रस्ता हाय. बोरखाडीला काय, कुणीतरी मिळेल. कमिटी इथेच बसलीय. कागदावरचं 'आईचं' तेवढं खोडा. आजी-नानी ठेवा. तुमचा तौसिफ राहतो, हे दोघे भाऊ राहतात, अरबाज परत तुमचा. सात पुरे. एक शब्द हाय. पेन माझ्याकडे हाय."

आणि त्याने तो कागद पुढे केला.

लक्षात घ्या, किती सोपं होतं. खारशेत फलकावर राहत होतं. पोरगा आपल्या बाजूला येत होता. हरकत घ्यायला कमिटीतलं कुणी उठणार नव्हतं, कारण बाकीच्या गावांनाही आजी-नानीच पुरत होत्या. बाकावरून लक्ष्मीकांत म्हणाला, "काका, घ्या की. आमच्या शैलाआजीला काही होत नाही त्यात." तौसिफ म्हणाला, "खोडा, खोडा, चिठ्ठ्या काढा. भूक लागलीय." अरबाजसुद्धा म्हणाला, "इट्स फाइन, अब्बा. रिअली."

अशरफने पेन घेतलं. कागद चष्म्यासमोर धरला. आयुष्यात त्याने पावतीवर खाडाखोड केली नव्हती. एकदा मुदीरने सांगितलं होतं, आकडा बदल, तर हा तीन दिवस कामावर गेला नव्हता.

त्याने वर बघितलं. पलीकडे खतिजा सांदणं ताटलीत काढत होती. एकीकडे बोरखाडीच्या पोरांचं टेबल, एकीकडे खारशेतचं. दोन्हीकडे सारखीच वाढत होती, मोजून. मान वर करून बघत नव्हती. पण कालथा थांबला होता. दालनातल्या कुणाला कळलं नसेल. बावीस वर्षं त्या कालथ्याचा आवाज ऐकलेल्याला कळलं.

फुफीने कसं म्हटलं होतं? शैला माझ्या बाजूला बसायची. साठ वर्षं झाली, बाई चिपळूणकडे गेली, तिथेच राहिली, तिथेच संपली. तरी फुफीच्या हिशेबी ती अजून खारशेतच्या शाळेत, बाजूला, फुटलेल्या पाटीसकट बसलेली.

अशरफने कपाळावर आठ्या घातल्या. पेनचं टोपण लावलं. मग वैतागून, अगदी मनापासून वैतागून, "छ्या!" म्हणाला.

"काय झालं?" काशिफ म्हणाला. "खोडायचं ना? काय ते सांगा, दुल्हाभाय, लोक थांबलेत."

आणि अशरफ होडेकर बोलला ते असं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता:

"खोडायचं काय नाय. लिही, अरबाज अशरफ होडेकर, आईचं माहेर बोरखाडी. आणि ती सातवी जर्सी आण इकडे, आणि मला तेवढं सांग, गोलकीपरला चष्मा चालतो काय?"